गोष्टींच्या चित्रांची नक्कल

‘नक्कल’ या शब्दाला मराठींत फारसा मान नाहीं. शाळेंत नक्कल करणाऱ्या मुलाला शिक्षा होते. नकलाकाराला हशा मिळतो, पण नटाची प्रतिष्ठा मिळत नाहीं. आणि बाजारांत माल नकली आहे असें कळलें कीं गिऱ्हाईक पाठ फिरवितें. म्हणून एखादा गृहस्थ दिवसाचें काम आटोपल्यावर मुलांच्या जुन्या पुस्तकांतलें चित्र समोर ठेवून तें रेषेमागून रेषा उतरवीत बसलेला दिसला, कीं पाहणारा सहज विचारतो, “स्वतःचें कांहीं काढीत नाहीं का?” विचारणाराचा हेतु वाईट नसतो. परंतु त्याच्या मनांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. दुसऱ्याचें काम आपलें म्हणून दाखविणें ही एक गोष्ट. आणि दुसऱ्याचें काम समजून घेण्यासाठीं तें आपल्या हातानें पुन्हां करून पाहणें ही दुसरी. पहिलीला चोरी म्हणतात. दुसरीला आपल्याकडे ‘कित्ता गिरविणें’ असें जुनें आणि चांगलें नांव आहे.

कित्त्यानें जसें अक्षर वळतें तशीच नजरहि वळते. गवई आपल्या शिष्याला पहिल्याच दिवशीं स्वतंत्र तान घ्यावयास सांगत नाहीं. गुरूची तान जशीच्या तशी गळ्यांत बसली, म्हणजे कोणत्या स्वरावर किती थांबावें हें शिष्याला शब्दांवांचून कळतें. चित्राचेंहि तसेंच आहे. छापलेलें चित्र दोन-चार क्षण पाहून आपण पान उलटतों. तेंच चित्र उतरवावयाचें ठरविलें म्हणजे तासच्या तास त्याच्यासमोर बसावें लागतें. आणि मग ध्यानांत येऊं लागतें कीं मागच्या झाडाची रेषा चित्रकारानें मुद्दाम तुटक ठेवली आहे, आणि ज्या मुलीकडे आपलें लक्ष प्रथम जातें तिच्या भोंवतींचा कागद त्यानें कोरा सोडला आहे. नक्कल म्हणजे चित्राचें सर्वांत सावकाश केलेलें वाचन होय.

या वाचनाला मुलांच्या पुस्तकांतलीं चित्रें विशेष सोयीचीं असतात. तीं आकारानें लहान असतात, बहुधा रेषेवर उभीं असतात, आणि त्यांच्या मागें एक गोष्ट असते. गोष्ट असल्यामुळें नकलेची परीक्षाहि घरच्या घरीं होते. कोल्हा लबाड दिसला पाहिजे आणि म्हातारी भ्यालेली दिसली पाहिजे; तशीं तीं दिसत नसतील तर शेजारीं बसलेलें सात वर्षांचें मूल तें तत्काळ सांगतें. इतका निर्भीड टीकाकार मोठ्या प्रदर्शनांतहि भेटावयाचा नाहीं.

मोठ्या शहरांत चित्रसंग्रहालयें असतात. हौशी माणसाला तेथें जाऊन अस्सल चित्रें पाहतां येतात. लहान गांवांत ही सोय नसते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगाव रेणुकाई हें गांव घ्यावें. मिरचीच्या बाजारासाठीं हें गांव ओळखलें जातें. अशा गांवीं चित्रांची हौस असणारानें चित्रें पाहावयाचीं तीं शाळेच्या पुस्तकांत, मुलांच्या मासिकांत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत. त्याचें संग्रहालय म्हणजे जुन्या अंकांची रद्दी. तरी एका बाबतींत या गांवाचें भाग्य मोठें आहे. त्याच्या वायव्येकडे, फारसा लांब नसलेला अजिंठ्याचा डोंगर आहे. तेथील लेण्यांत गोष्टीच सांगितल्या आहेत आणि त्याहि चित्रांनीं. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर आपल्या शरीराचा पूल करून वानरांना पार नेणारा वानरराज आहे, सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती आहे, सोनेरी हंसाची कथा आहे. हीं चित्रें कांहीं मुलांसाठीं काढलेलीं नव्हेत. पण त्या जातककथा आज मुलांच्या पुस्तकांतूनच घरोघर पोंचतात. गोष्टींच्या चित्रांची नक्कल हा विषय समजून घेण्यास याहून योग्य जागा शोधूनहि सांपडणार नाहीं. कारण नकलेचा एवढा मोठा, आणि एवढा शोककारक, उद्योग दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

शिकारीस निघालेल्या कांहीं इंग्रज अधिकाऱ्यांना १८१९ सालीं या लेण्यांचा पत्ता लागला. पुढें १८४४ सालीं मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. कामाला लागला तो जवळजवळ वीस वर्षें. अंधाऱ्या गुहा, वटवाघळें, ताप, एकांत यांना तोंड देत त्यानें मोठमोठ्या तैलचित्रांत त्या भिंती उतरविल्या आणि तीं चित्रें इंग्लंडला रवाना केलीं. लंडनजवळच्या स्फटिक प्रासादांत तीं मांडलीं होतीं. १८६६ च्या डिसेंबरांत त्या प्रासादाला आग लागली आणि वीस वर्षांच्या मेहनतीपैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच चित्रें उरलीं. गिल या प्रदेशांतच राहिला, १८७९ सालीं वारला, आणि भुसावळ येथें त्याला मूठमाती मिळाली.

त्यानंतर १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या चित्रशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच एक. त्यांनीं केलेल्या नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्यें तेथील कोठारास आग लागून त्यांतल्याहि पुष्कळशा नष्ट झाल्या. मात्र या खेपेस सारेंच गेलें नाहीं. उरलेल्या चित्रांवरून आणि टिपणांवरून ग्रिफिथ्स यांनीं १८९६-९७ मध्यें दोन भव्य खंड छापून काढले. पुढें १९०९ ते १९११ च्या हिंवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज बाई नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद इत्यादि तरुण चित्रकारांसह येथें राहिली. जुन्या इटालियन चित्रांच्या नकला करून करूनच या बाईनें रंगाचें तंत्र आत्मसात केलें होतें. तिच्या मंडळीच्या नकला १९१५ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्याच परंपरेंत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचेंहि नांव घ्यावयास हवें. राज्यकारभार सांभाळून हातीं कुंचला घेणारा हा हौशी चित्रकार. त्यांचें ‘चित्ररामायण’ १९१६ सालीं निघालें आणि अजिंठ्यावरील सचित्र पुस्तक १९३२ सालीं.

या इतिहासांतून हौशी नकलाकारानें दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली ही कीं मूळ चित्र चिरंजीव नसतें. अजिंठ्याच्या भिंतींवरून कांहीं भाग गळून गेले आहेत. ते कसे होते हें आज ग्रिफिथ्सच्या खंडांत पाहावें लागतें. मूळ गेलें आणि नक्कल साक्षीला राहिली. दुसरी गोष्ट कटु आहे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नकला करणारांनींच त्या भिंतींवर रोगण फांसलें. त्या वेळीं रंग उजळले. पण काळानें तें रोगण पिवळें आणि काळपट पडलें, आणि मूळ चित्र त्याच्या आड गेलें. ज्याच्यावर प्रेम करावयाचें त्यालाच नकलेच्या घाईनें इजा झाली. हाच प्रकार लहान प्रमाणांत घरोघर घडतो. आजीच्या पेटींतल्या जुन्या अंकावर पेन्सिलीच्या चौकटी मारल्या जातात, छापकागद दाबून पानावर खोल चरे पाडले जातात, आणि नक्कल साधते न साधते तोंच मूळ पान फाटतें. नकलाकाराचा पहिला धर्म मुळाला हात न लावण्याचा आहे.

यापुढें एक सूक्ष्म प्रश्न येतो. नक्कल करावयाची ती नेमकी कशाची? आपल्या प्रदेशांतलेंच एक उदाहरण पाहावें. ज्ञानेश्वरी नकला करणारांनींच पिढ्यान्‌पिढ्या जगविली. परंतु प्रत्येक हाताबरोबर तींत अपपाठहि शिरत गेले. म्हणून पैठणच्या एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. लिहिणाराची चूक कोणती आणि ज्ञानदेवांचा शब्द कोणता, हें त्यांनीं पारखलें. छापील चित्र समोर घेऊन बसणाराला हीच पारख करावी लागते. कारण पानावर जें दिसतें तें सारेंच चित्रकाराचें नसतें.

मुलांच्या पुस्तकांतील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकीं कांहींची हकीकत ऐकली म्हणजे हें स्पष्ट होईल. लुई कॅरल या गणिताच्या अध्यापकानें अ‍ॅलिस नांवाच्या मुलीसाठीं लिहिलेली गोष्ट स्वतःच्या अक्षरांत उतरली, तींत स्वतःच्या हातानें सदतीस चित्रें काढलीं आणि १८६४ च्या नोव्हेंबरांत ती वही तिला भेट दिली. कॅरल हा चित्रकलेंत निव्वळ हौशी. पुस्तक छापावयाचें ठरलें तेव्हां त्यानें जॉन टेनिएल या नाणावलेल्या व्यंगचित्रकाराकडे काम सोंपविलें. टेनिएलनें बेचाळीस चित्रें काढलीं. पण तीं छापावयाचीं कशीं? त्या काळीं रेषाचित्र छापण्यासाठीं तें कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवून कोरावें लागे. हें कोरण्याचें काम डॅलझिएल बंधूंनीं केलें. म्हणजे आपण टेनिएलची रेषा म्हणून जी पाहतों ती कोरणाराच्या हातून आलेली असते.

हें कोरणें कसें चाले तें समजलें तर नकलेची एक मोठी अडचण सुटते. ठोकळ्याचा जो भाग वर राहतो त्यालाच शाई लागते. जो खोदून काढला जातो तो कागदावर पांढरा उमटतो. सावली दाखविण्यासाठीं आडव्या-उभ्या रेषांची जाळी काढावयाची असेल तर लेखणीनें ती क्षणांत होते. कोरणाराला मात्र त्या जाळींतला प्रत्येक इवलासा पांढरा चौकोन सुरीनें टिपून काढावा लागतो. आपण काळ्या रेषा मोजतों. त्यानें पांढऱ्या फटी कोरलेल्या असतात. ही गोष्ट ठाऊक नसलेला नकलाकार काळ्या रेषांमागें धांवतो आणि त्याची सावली चिखलासारखी गढूळ होते. ज्याला ती ठाऊक आहे तो दोन रेषांमधल्या पांढऱ्या जागेकडे पाहून हात चालवितो, आणि तीच सावली खुलते. छपाईचेंहि तितकेंच महत्त्व आहे. १८६५ सालीं निघालेली या पुस्तकाची पहिली छपाई टेनिएलला पसंत पडली नाहीं, म्हणून ती मागें घेण्यांत आली. तेच मूळ ठोकळे १९८५ सालीं लंडनमधील एका बँकेच्या तळघरांत सुखरूप सांपडले.

लाकडाचे ठोकळे मागें पडून छायाचित्रणाच्या साह्यानें छपाई होऊं लागली तेव्हां अडचणींचें स्वरूप पालटलें. चित्रकार आतां पुष्कळदां छापावयाच्या मापापेक्षां मोठें चित्र काढतो आणि छापतांना तें लहान केलें जातें. त्यामुळें पुस्तकांतली केसासारखी बारीक रेषा मुळांत चांगली जाड असूं शकते. रंगीत चित्र बारीक ठिपक्यांनीं छापलेलें असतें, आणि एक रंग दुसऱ्यावर नीट बसला नाहीं तर राजाच्या ओंठांचा तांबडा रंग गालावर उतरतो. जुन्या स्वस्त मासिकांत असे प्रकार पुष्कळ दिसतात. ही छापखान्याची चूक आहे, राजाची नव्हे. तिची इमानेंइतबारें नक्कल करणें म्हणजे अपपाठ जपणें होय.

मराठी घरांतून ज्या चित्रांची नक्कल सर्वांत अधिक झाली असेल त्यांत ‘चांदोबा’ मासिकाचीं चित्रें येतील. मद्रासहून १९४७ च्या जुलैंत प्रथम तेलुगु आणि तामिळ भाषांत निघालेलें हें मासिक १९५२ पासून मराठींत येऊं लागलें. खांद्यावर प्रेत टाकून आणि हातांत तरवार धरून स्मशानांतून चालणारा विक्रमराजा ज्यांनीं काढला ते के. सी. शिवशंकरन्‌ ‘शंकर’ या नांवानें सही करीत. १९२४ सालीं जन्मलेले हे चित्रकार २०२० सालीं निवर्तले, आणि किती तरी पिढ्यांच्या मनांतला विक्रम त्यांच्याच हातचा राहिला. त्या चित्राची नक्कल करूं जाणाराला पहिला धडा वजनाचा मिळतो. प्रेत खांद्यावर आहे एवढेंच दाखवून भागत नाहीं. तें जड आहे हें राजाच्या कमरेंत, मानेंत आणि पुढें टाकलेल्या पावलांत दिसावें लागतें. ‘चांदोबा’ आतां बंद पडला आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचें ‘किशोर’ मासिक १९७१ सालीं सुरू झालें. त्याचे जुने अंक मंडळानें संगणकावर पाहावयास उपलब्ध केल्यामुळें खेड्यांतल्या हौशी माणसाचीहि मोठी सोय झाली आहे.

आतां प्रत्यक्ष रीतीविषयीं. प्रथम पेन्सिल बाजूला ठेवावी आणि चित्र नुसतें पाहावें. तें उलटें धरूनहि पाहावें. उलट्या चित्रांत राजा आणि राक्षस दिसेनासे होतात आणि काळ्या-पांढऱ्या जागांची मांडणी तेवढी उरते. मग प्रमाण. मूळ पानावर कांहीं आंखूं नये. पातळ पारदर्शक कागदावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आंखून तो चित्रावर अलगद ठेवावा आणि आपल्या कागदावर एक इंचाच्या चौकटी आंखाव्या. चित्र लांबी-रुंदींत दुप्पट आणि क्षेत्रफळांत चौपट होतें. म्हणून रेषाहि त्या मानानें जाड करावी लागते. छापकागदावरून चित्र उतरविण्यास हरकत नाहीं, पण तें एकदांच, ओळख करून घेण्यापुरतें. तीच रेषा दुसऱ्यांदा मोकळ्या हातानें काढावी. छापकागदावर हात रेषेच्या मागून जातो. मोकळ्या हाताला रेषा कोठें जाणार आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें.

रंगांसाठीं खर्चिक पेटीच हवी असें नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं गेरूसारख्या तांबड्या आणि पिवळ्या माती, हिरवी माती, काजळी आणि चुना यांवरच बहुतेक संसार केला. निळा रंग तेवढा लाजवर्द या दूरदेशीच्या दगडाचा. त्यांची रीत अशी कीं आधीं तांबड्या रेषेनें आकृति, मग रंगाचे थर, आणि शेवटीं पुन्हां गडद रेषा. गेरू, काजळी आणि बाभळीचा डिंक एवढ्या सामुग्रीवर आजहि ही रीत घरीं करून पाहतां येते.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी परीक्षा तीच आहे. नक्कल पुरी झाल्यावर पुस्तक मिटून तेंच चित्र आठवणीनें काढावें. त्यानंतर तोच राजा दुसऱ्या बाजूनें चालतांना काढावा. तोच कोल्हा बसलेला नव्हे, धांवत असलेला दाखवावा. येथें कित्ता संपतो आणि स्वतःचें अक्षर सुरू होतें. ‘पीटर’ सशाच्या गोष्टीमुळें जगाला ठाऊक झालेली बीट्रिक्स पॉटर हिच्या वडिलांनीं रँडॉल्फ कॅल्डेकॉट या चित्रकाराचीं मूळ चित्रें विकत घेऊन घरांत लावलीं होतीं. तिनें त्यांचा कित्ता गिरविला. कॅल्डेकॉटशीं आपलें साम्य फारसें साधलें नाहीं असें पुढें तिनेंच कबूल केलें. पण त्याच हातानें १८९३ सालीं एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रांत ससे काढले, आणि १९०२ सालीं त्या पत्राचें छापील पुस्तक झालें. साम्य न साधण्यांतच तिचें स्वतःचें कांहीं तरी शिल्लक राहिलें होतें.

राहतां राहिला हक्काचा प्रश्न. भारतांत १९५७ च्या कायद्यान्वयें चित्रकाराच्या मृत्यूनंतर साधारणपणें साठ वर्षें त्याच्या चित्रांवरील हक्क त्याच्या वारसांचा किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांचा असतो. कॅल्डेकॉट १८८६ सालीं, टेनिएल १९१४ सालीं आणि पॉटर १९४३ सालीं वारले. त्यांचीं चित्रें आतां सर्वांचीं आहेत. आपले दीनानाथ दलाल १९७१ सालीं आणि रघुवीर मुळगांवकर १९७६ सालीं गेले. शंकर तर अगदीं अलीकडे. स्वतःच्या अभ्यासासाठीं त्यांचा कित्ता गिरविण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. मात्र ती नक्कल छापून विकावयाची असेल तर परवानगी घेतलीच पाहिजे.

कायद्यापलीकडे एक साधी सवय आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. नकलेच्या खालच्या कोपऱ्यांत मूळ चित्रकाराचें नांव, पुस्तकाचें किंवा मासिकाचें नांव आणि साल लिहावें. त्याखालीं ‘यावरून’ असा शब्द घालून आपलें नांव आणि तारीख. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखनिक आपलें नांव, गांव आणि तिथि लिहून ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार. लहान गांवांत जुने अंक वाळवी आणि पावसाळा यांच्या तडाख्यांतून क्वचितच वांचतात. ज्या घरांत अशी नांवनिशीवार वही तयार होते त्या घरांतल्या मुलाला पुढें केव्हां तरी रद्दींत गेलेल्या एखाद्या चित्राचा मागोवा घ्यावासा वाटला, तर तो कोणाचा आणि कोठला, हें त्याला त्या कोपऱ्यांतल्या दोन ओळींवरून कळेल.